लिनक्सच्या पेनड्राइव्हवर काय भरावं आणि काय बाहेर ठेवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लालबागच्या एका मंडळाला एका कंपनीकडून चाळीस जुने लॅपटॉप देणगी मिळालेत. मंडळातली दोन-तीन मुलं त्यासाठी डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेली, मराठीत चालणारी इमेज, म्हणजे मशीनवर जशीच्या तशी चढवायची अख्खी यंत्रणा, तयार करतायत. ती या लॅपटॉपवर चढवून ते महापालिकेच्या शाळांना द्यायचे, आणि आणखी कुठली शाळा मागेल तिला इमेज पेनड्राइव्हवर भरून द्यायची. पेनड्राइव्हचे अडीचशे रुपये तेवढे घ्यायचे. इमेजमध्ये त्यांना वाय-फायचं फर्मवेअर, एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, मंगल आणि एरियल हे फॉन्ट, डीटीपीवाल्याकडून आणलेले काही मराठी फॉन्ट, क्रोम आणि सर्व्हरच्या डिस्कवर फाइली सांभाळणारी झेडएफएस प्रणाली असं सगळं हवंय. "सगळं इंटरनेटवर फुकट मिळतं, आम्ही नफाही घेत नाही, मग लायसन्सची अडचण यायचं कारण काय?"

क्रोम आणि फॉन्ट काढा, फर्मवेअर ठेवा, एनव्हिडिया आणि झेडएफएसचं खाली सांगतो. पण तुमच्या यादीत नसलेलीच एक गोष्ट या सगळ्यांपेक्षा जास्त नडणार आहे, ती म्हणजे खुद्द डेबियनचा सोर्स कोड, माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम. वीसेक वर्षं मी अशा इमेज बनवून देतोय. बंद कोडला घाबरणारी माणसं नेहमी भेटतात, जीपीएल या मुक्त लायसन्सची सोर्स द्यायची अट मोडून निवांत बसलेली माणसंही नेहमी भेटतात, आणि बऱ्याचदा ती एकच असतात.

आधी तुमच्या "फुकट"चं बघू. आतापर्यंत तुम्ही लिनक्स वापरणारे होतात. पहिला पेनड्राइव्ह शाळेच्या हातात ठेवलात की वाटणारे झालात, आणि लायसन्समधल्या बऱ्याचशा अटी वाटणाऱ्यासाठीच असतात. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरला गेला. म्हणजे कादंबरीला जे संरक्षण, तेच ड्रायव्हरलाही. प्रती काढून लोकांना द्यायचा हक्क मालकाचा. त्याने तुम्हाला मुभा दिली असेल तरच तुमचा. पैसे घेतले नाहीत म्हणून सुटका होते असंही नाही. कलम ५१ मध्ये व्यापारासाठी वाटणं येतं, तसंच मालकाला बाधा पोचेल इतक्या प्रमाणात वाटणंही येतं. वाचनालयात पेपर फुकट वाचायला मिळतो, म्हणून त्याच्या झेरॉक्स काढून नाक्यावर वाटायला आपण बसत नाही. डाउनलोडचं बटण तुमच्यापुरतं असतं. मी वकील नाही, पण आजवर ज्या वकिलांबरोबर बसलो त्यांनी प्रत्येक फाइलबद्दल पहिल्यांदा हेच विचारलं: प्रत कोण काढतोय, आणि त्याला कोणी सांगितलंय?

आता फर्मवेअर. वाय-फायच्या चिपमध्ये स्वतःचा एक चिमुकला प्रोसेसर असतो. लॅपटॉप सुरू होताना लिनक्स डिस्कवरून फर्मवेअरची फाइल उचलतो आणि त्या चिपमध्ये ओततो. तुमच्या मुख्य प्रोसेसरवर त्यातलं काही चालत नाही, त्यामुळे व्यवहारात बघायचं ते त्या फाइलचं स्वतःचं लायसन्स. इंटेलच्या वाय-फाय फर्मवेअरचं उघडून वाचा, पानभरही नाही. बायनरी, म्हणजे मशीनला कळणारी तयार फाइल, जशीच्या तशी वाटायला हरकत नाही, कॉपीराइटची नोंद सोबत ठेवा, उकलून आत काय आहे ते शोधू नका, आमचं नाव वापरून आपल्या मालाची भलामण करू नका. एवढंच. सोर्स नाही, बदलायची मुभा नाही, म्हणून मुक्त सॉफ्टवेअर नव्हे. पण वाटायची मुभा स्वच्छ शब्दांत आहे. मंडळाला तेवढं पुरेसं आहे.

डेबियनने यावर वर्षानुवर्षं वाद घातला. १९९७ च्या सामाजिक करारापासून मुक्त ते "मेन"मध्ये आणि बाकीचं "नॉन-फ्री"मध्ये, अशी सोवळ्या-ओवळ्याची मांडणी होती, आणि अधिकृत सीडीवर फक्त सोवळं. परिणाम असा, की नवा माणूस डेबियन बसवायला घ्यायचा, वाय-फाय दिसायचं नाही, आणि तो वैतागून दुसरंच काहीतरी बसवायचा. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदानाचा निकाल लागला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून "नॉन-फ्री-फर्मवेअर" असा वेगळा कप्पा अधिकृत माध्यमावर आला. माझ्या मते हा निर्णय दहा वर्षं आधी व्हायला हवा होता, पण ते असो. तुमच्या इमेजच्या सोर्सेस फाइलमध्ये (पॅकेजं कुठल्या कप्प्यांतून घ्यायची ती यादी) "मेन" आणि "नॉन-फ्री-फर्मवेअर" एवढंच राहू द्या. नुसतं "नॉन-फ्री" तिथे घालायचा मोह टाळा. त्या कप्प्यात प्रत्येक पॅकेजची तऱ्हा वेगळी; कुणाची अट "विकू नये" अशी असते, कुणाची "बदलू नये" अशी. तुमचे अडीचशे रुपये म्हणजे विक्री की खर्च, हा वाद एकेका पॅकेजपायी कशाला घालत बसायचा?

देणगीच्या जुन्या लॅपटॉपांत एक जात मात्र हमखास त्रास देते, ती ब्रॉडकॉमच्या जुन्या वाय-फाय चिप्सची. त्यांच्या एका ड्रायव्हरसाठी लागणारं फर्मवेअर वाटायची परवानगी कंपनीने दिलेलीच नाही. म्हणून डेबियनमध्ये फर्मवेअर नाही, ते आणणारं पॅकेज आहे. तुमचा लॅपटॉप स्वतः इंटरनेटवर जातो, कंपनीचा मूळ ड्रायव्हर उतरवतो आणि त्यातून फर्मवेअर कापून काढतो. प्रत काढणारे तुम्ही नाही, त्या लॅपटॉपचा मालक. फक्त गंमत अशी, की वाय-फाय चालू करायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटला वाय-फाय. परळच्या एका शाळेत मी असाच अडकलो होतो. बारा लॅपटॉप सुरळीत, तेराव्यावर वाय-फायच्या जागी फुली, लॉगमध्ये "फर्मवेअर फाइल सापडली नाही". लॅनची वायर वर्गापर्यंत पोचत नव्हती. शेवटी शाळेच्या शिपाईमामांनी आपला फोन चार्जिंगच्या केबलने जोडून दिला, यूएसबी टेदरिंगवर ते पॅकेज बसलं, आणि मामा जेवायला गेले तेव्हा त्यांचा फोन माझ्याकडेच राहिला. तुमच्या माहितीपत्रकात ही युक्ती चित्रासकट छापा. ते फर्मवेअर गुपचूप इमेजमध्ये टाकण्यापेक्षा ते बरं.

एनव्हिडिया आणि झेडएफएसचा पेच निराळा आहे, कारण ते दोन्ही कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, शिरतात. कर्नलचं लायसन्स म्हणजे जीपीएलची दुसरी आवृत्ती, १९९१ ची. तिच्यात स्पष्ट म्हटलंय, की एकाच माध्यमावर शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमला जीपीएल लागू होत नाही. आपल्या डब्याचंच बघा ना. वरच्या पुडात भात, खालच्या पुडात आमटी. डबा एक, पण पदार्थ आपापले. त्यामुळे एकाच पेनड्राइव्हवर मुक्त आणि बंद सॉफ्टवेअर शेजारी ठेवायला जीपीएलची ना नाही. भात आणि आमटी कालवली की मात्र तो एकच घास झाला. कर्नलमध्ये जाऊन बसणारं मॉड्यूल हे शेजारी ठेवणं की कालवणं, यावर एकमत नाही. २००६ मध्ये कोरोरा नावाच्या एका लाइव्ह सीडीवर एनव्हिडिया आणि एटीआयचे ड्रायव्हर तयार स्थितीत होते. जीपीएलचा भंग होतोय असं पत्र आलं, आणि बनवणाऱ्याने सीडीचं वाटप थांबवलं. खटला वगैरे काही नाही, फक्त एक पत्र. हौशी माणसाला तेवढंच पुरतं.

एनव्हिडियाची स्वतःची तक्रार नसते. लिनक्ससाठीच्या ड्रायव्हरची बायनरी न बदलता वाटायला त्यांच्या लायसन्समध्ये खास मुभा आहे. प्रश्न कर्नलच्या बाजूने येतो. त्यावरची वाट म्हणजे डीकेएमएस: मॉड्यूलचा कच्चा माल द्यायचा आणि कर्नलशी जोडणी वापरणाऱ्याच्या मशीनवर होऊ द्यायची. स्वतःच्या मशीनवर चालवण्यावर जीपीएलचं बंधन नाही, ते वाटण्यावर आहे. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नल मॉड्यूलचा सोर्सही खुला केला, पण तो ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांसाठी. तुमच्या लॅपटॉपांत बहुधा त्याआधीची असतील, आणि स्क्रॅच नि लिबर-ऑफिस चालवायला नूवो हा मुक्त ड्रायव्हर पुरतो. तोच ठेवा.

झेडएफएस तर लायसन्सने उघडंच आहे, तरी वाद आहे. सन कंपनीने २००५ मध्ये झेडएफएस ज्याचा भाग आहे ते ओपन-सोलारिस खुलं करताना सीडीडीएल हे लायसन्स निवडलं, आणि त्याच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत. दोन्ही मुक्त, दोघांचं पटत नाही. एकाच चाळीतल्या दोन भल्या शेजाऱ्यांसारखं. उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने २०१६ मध्ये १६.०४ या आवृत्तीत झेडएफएसचं तयार मॉड्यूल दिलं. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेने हा जीपीएलचा भंग आहे म्हणून जाहीर केलं, उबुंटूमागच्या कॅनॉनिकलच्या मते तसं काही नाही. डेबियन मधल्या वाटेने जातं: "कॉन्ट्रिब" कप्प्यात सोर्स आणि डीकेएमएस. कंपनीकडे वकील आहेत, ती असा धोका पत्करू शकते. तुमच्या मंडळाच्या सर्व्हरला लिनक्सची नेहमीची एक्स्ट-४ फाइल प्रणाली आणि रात्रीचा बॅकअप पुरेल.

आता एक खाचखळगा, ज्यात मी भल्याभल्यांना पडताना पाहिलंय. समजा तुम्ही एक मास्टर लॅपटॉप घेतला, त्यावर डीकेएमएसने मॉड्यूल बनवलं, सगळं मनासारखं बसवलं, आणि क्लोनझिलाने बाकीच्यांवर त्याची प्रत मारली. आता तयार झालेलं मॉड्यूलही प्रतीत गेलं. "वापरणाऱ्याच्या मशीनवर जोडलं" हा सगळा युक्तिवाद तिथेच संपला. जोडलंत तुम्ही आणि वाटलंतही तुम्ही. ब्रॉडकॉमच्या त्या फर्मवेअरचंही तेच. इन्स्टॉलर पॅकेज मास्टरवर एकदा चाललं की उतरवलेली फाइल त्या डिस्कवर पडलेली असते. म्हणून क्लोन काढू नका. लाइव्ह-बिल्डने पॅकेजांच्या यादीवरून इमेज बनवा, आणि उतरवून घेणाऱ्या गोष्टी पहिल्यांदा लॉगिन केल्यावर एका मराठी खिडकीतून विचारून बसवा. विचारताना मूळ कंपनीच्या अटी दाखवा, शाळेतल्या बाईंना "मान्य" दाबू द्या.

फॉन्टकडे वळतो, कारण मराठीवाल्यांची खरी अडचण तिथे आहे. मंगल विंडोजसोबत येतो. विंडोजच्या फोल्डरमधून तो उचलून इमेजमध्ये टाकणं म्हणजे सरळ सरळ उल्लंघन, त्यात तपासण्यासारखंही काही नाही. एरियल, टाइम्स वगैरे मंडळी मायक्रोसॉफ्टने १९९६ पासून काही वर्षं वेबसाठी म्हणून मोफत दिली होती. तेव्हाचं लायसन्स अजून लागू आहे आणि ते विचित्र आहे: मूळ एक्झी फाइल न बदलता पुढे देता येते, पण आतले फॉन्ट काढून देता येत नाहीत, आणि विकायच्या मालात घालता येत नाहीत. डेबियनच्या इन्स्टॉलर पॅकेजचा जन्म त्यातूनच झाला. ते वापरणाऱ्याच्या मशीनवर एक्झी उतरवतं आणि तिथेच उकलतं.

पण मुळात त्यांची गरज नाही. लिबरेशन फॉन्टमधल्या अक्षरांची रुंदी एरियल, टाइम्स आणि कुरियरशी मिळतीजुळती ठेवलेली आहे, कॅलिब्रीला कार्लिटो आहे; त्यामुळे इंग्रजी कागदाची पानं हलत नाहीत. मराठीत मात्र हलतात. मंगलमध्ये केलेलं दोन पानांचं परिपत्रक लोहित या मुक्त फॉन्टमध्ये उघडलं की ओळी सरकतात आणि सहीची जागा तिसऱ्या पानावर एकटी जाऊन बसते. मुख्याध्यापक तेव्हा म्हणतात, "तुमचं लिनक्स बिघडलंय." त्यावर उपाय चोरीचा मंगल नाही. छापायचे कागद पीडीएफमध्ये मागवा, आणि शाळेत नव्याने बनणारे कागद पहिल्या दिवसापासून मुक्त फॉन्टमध्ये करा. लोहित आणि नोटो डेबियनमध्येच आहेत. आपल्या मुंबईच्याच "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्ता आणि बालू हे फॉन्टही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, आणि लहान मुलांच्या वर्कशीटला बालूइतकं गोड अक्षर दुसरं मला तरी माहीत नाही. या लायसन्सची अट सोपी आहे: नुसता फॉन्ट विकायचा नाही, सॉफ्टवेअरसोबत मात्र खुशाल द्या, लायसन्सची फाइल सोबत ठेवा.

डीटीपीवाल्याकडच्या फॉन्टबद्दल एवढंच सांगतो, की ते त्याचे नाहीत. त्याने परवाना घेतला असेल तर तो त्याच्या दुकानापुरता. शिवाय ते जुने फॉन्ट युनिकोड नसतात. मुलांनी त्यात लिहिलेला निबंध उद्या फोनवर उघडला तर भलतीच अक्षरं दिसतील. कायदा बाजूला ठेवला तरी ते नकोतच.

क्रोमचं लांबवत नाही. त्याच्या प्रती वाटायची सरसकट मुभा नाही, ज्यापासून तो बनतो तो क्रोमियम मुक्त आहे आणि डेबियनमध्ये आहे. तो द्या, किंवा फायरफॉक्स. एमपी-३ ची भीती जुनी झाली, त्याच्या पेटंटचा परवाना-कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये संपला. व्हिडिओच्या एच.२६४ या पद्धतीसाठी सिस्को कंपनीची व्यवस्था मला अजून मजेशीर वाटते: कोड खुला आहे, पण पेटंटची रॉयल्टी सिस्को भरते ती फक्त त्यांच्याच सर्व्हरवरून उतरवलेल्या बायनरीसाठी. म्हणून फायरफॉक्स ती सोबत न आणता तिथून उतरवून घेतो. "प्रत कोण देतोय" या प्रश्नाचं याहून स्वच्छ उदाहरण नाही. आणि हो, तुमच्या इमेजला स्वतःचं नाव ठेवा. "डेबियनवर आधारित" म्हणा, "डेबियन मराठी" नको. नावं ट्रेडमार्कमध्ये येतात. फायरफॉक्सच्या नावाच्या अटींवरून डेबियनने तो २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं आइसवीझल म्हणून दिला होता.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. कर्नल आणि त्याभोवतीचा बराच गोतावळा जीपीएलखाली आहे. बायनरी वाटलीत की सोर्स द्यायची जबाबदारी तुमची. पेनड्राइव्हसारख्या वस्तूवर देताना तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत: सोर्स सोबत द्या, किंवा निदान तीन वर्षं वैध असलेलं लेखी आश्वासन द्या, की कोणीही मागितलं तर प्रत काढायच्या खर्चात सोर्स देऊ. तिसरी एक पळवाट आहे, मिळालेलं आश्वासन पुढे सरकवायची, पण ती बिनव्यापारी वाटपालाच, आणि मुळात तुम्हाला तसं आश्वासन मिळालं असेल तर. "सोर्स डेबियनच्या सर्व्हरवर आहे, तिथून घ्या" हे त्यात बसत नाही. २००६ मध्येच मेपिस या छोट्या डिस्ट्रोला (लिनक्सच्या प्रकाराला) जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नेमकं हे कळवलं होतं. न बदललेल्या पॅकेजांचा सोर्स मूळ डिस्ट्रोकडे आहे, तो पुरेसा आहे, असं मेपिसने धरलं होतं. फाउंडेशनचा हा नुसता कायदेशीर हट्ट नाही. डेबियन पॅकेज अद्ययावत करतं तेव्हा जुन्या आवृत्तीचा सोर्स नेहमीच्या मिररवरून (डाउनलोडच्या सर्व्हरवरून) जातो. तुमच्या पेनड्राइव्हवर जी आवृत्ती आहे तिचाच सोर्स लागतो, आजची नव्हे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २०११ च्या सुमारास अंधेरी एमआयडीसीतल्या एका कंपनीसाठी आम्ही लिनक्सवर चालणारी एक पेटी बनवली होती. पेट्या युरोपात गेल्या. दोन वर्षांनी तिकडच्या एका गिऱ्हाइकाची मेल आली: कर्नलचा सोर्स पाठवा. माणूस भांडखोर नव्हता, त्याला एक सेन्सर जोडायचा होता. कंपनीच्या मालकांनी मला फोन करून सांगितलं, "पाठवून दे ना, फुकटचंच तर आहे." सोर्स होता, पण कुठला? कर्नलमध्ये आम्ही केलेले सात बदल, म्हणजे पॅचेस, एका मुलाच्या मशीनवर होते, तो मुलगा पुण्याला गेला होता आणि मशीन फॉरमॅट झालं होतं. कर्नलची कॉन्फिग फाइल शेवटी एका चालत्या पेटीतूनच उकरून काढली. पॅचेस सापडले एका बंद पडलेल्या हार्डडिस्कवर, ती लॅमिंग्टन रोडच्या एका कारागिराने जिवंत करून दिली. तीन आठवडे गेले. जीपीएलला नुसता कोड पुरत नाही, तो जुळवायच्या स्क्रिप्टही सोर्समध्येच धरल्या जातात. त्या सगळ्या काळात आमच्या पेटीतल्या एकमेव बंद ड्रायव्हरबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

त्यामुळे तुम्ही असं करा. लाइव्ह-बिल्डला इमेजसोबत सोर्सही काढायला सांगता येतं, तो पर्याय चालू करा. ज्या दिवशी इमेज गोठवाल त्या दिवशी इमेज, तिचा सोर्स, पॅकेजांची आवृत्त्यांसकट यादी आणि तुमच्या सगळ्या कॉन्फिग फाइली एका हार्डडिस्कवर ठेवा, दुसरी प्रत आणखी कोणाच्या घरी. काही राहिलंच तर डेबियनचं स्नॅपशॉट भांडार जुन्या आवृत्त्या सांभाळून ठेवतं, पण त्यावर विसंबू नका. लॅपटॉप शाळांना देताय तेही वाटपच आहे, म्हणून प्रत्येक लॅपटॉपसोबत आणि प्रत्येक पेनड्राइव्हच्या पाकिटात एक चिठ्ठी घाला. मी साधारण असा मजकूर वापरतो: "यातील जीपीएल व तत्सम लायसन्सखालील सॉफ्टवेअरचा, याच आवृत्त्यांचा संपूर्ण सोर्स कोड, मागणाऱ्या कोणालाही आजपासून तीन वर्षे केवळ पेनड्राइव्हचा व टपालाचा खर्च घेऊन दिला जाईल. यातील फर्मवेअर त्या त्या कंपनीच्या अटींवर, न बदलता दिले आहे. अटी डॉक फोल्डरमध्ये आहेत." खाली तारीख. तीन वर्षं प्रत्येक चिठ्ठीच्या तारखेपासून मोजली जातात, तेव्हा शेवटची चिठ्ठी जाईपर्यंत घड्याळ पुढेच सरकत राहतं हे लक्षात असू द्या. आणि पत्ता मंडळाच्या कार्यालयाचा टाका, इमेज बनवणाऱ्या मुलाचा मोबाइल नंबर नको. तो तोवर पुण्याला गेलेला असेल.